आधी फेरिस्त, मग स्कॅनर: कॉलेजचे जुने दप्तर लावण्याची रीत

कोल्हापुरात एखाद्या कॉलेजचा, वसतिगृहाचा किंवा विद्यापीठातल्या विभागाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की मला फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, स्कॅनर कुठला घ्यावा?" कपाटात काय आहे, किती आहे, कुणाचे आहे, यातले काही ठाऊक नसते. स्कॅनरचे कोटेशन मात्र आलेले असते.

एका ठिकाणी तर मी पोचायच्या आधीच काम 'झाले' होते. काळ्या पानांचे जुने अल्बम होते. पोरांनी उत्साहाने फोटो उचकटले, स्कॅन केले, नव्या प्लास्टिकच्या अल्बमांत घातले आणि काळी पाने रद्दीत दिली. त्या पानांवर प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईने नावे, वर्ष, प्रसंग लिहिलेला होता. आता त्यांच्याकडे लखलखीत फायली आहेत आणि त्यांतला एक माणूस ओळखता येत नाही.

चूक स्कॅनिंगची नव्हती, क्रमाची होती. आधी फेरिस्त, म्हणजे कुठे काय आहे याची यादी, आणि मग स्कॅनर. म्हणून खालचे टप्पे मागेपुढे करू नका.

१. हात लावण्याआधी: लेखी परवानगी आणि 'रद्दी बंद'

प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची तोंडी परवानगी चालत नाही. एका पानाचे पत्र घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: कुठली कपाटे उघडायची, काम कोण करणार, आणि काम संपेपर्यंत त्या खोलीतला एकही कागद रद्दीत जाणार नाही. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटले की ऑफिसात जी आवराआवर सुरू होते, तिने जितके कागद गिळलेत तितके वाळवीनेही गिळले नसतील.

महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांसाठी २००५ चा अधिनियम आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या संस्थेला जुने अभिलेख मनाला येईल तेव्हा नष्ट करता येत नाहीत. खाजगी संस्था असली तरी नष्ट करण्याचा निर्णय समितीत होऊन त्याचे इतिवृत्त राहिले पाहिजे.

माणसे तीन पुरतात: ऑफिसमधला एक जुना कर्मचारी, ग्रंथालयातले एक आणि अक्षर चांगले असलेला एक विद्यार्थी. वीस स्वयंसेवकांची फौज नको. वीस जण कपाट एका दुपारी रिकामे करतात आणि पुढची दोन वर्षे ते कुणाला लावता येत नाही.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीपर्यंत कागद हाताळण्याचा भाग उरका. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की उघडलेले गठ्ठे ओल धरतात आणि बुरशी येते.

२. पाहणी: काय आहे आणि कुठे आहे

आठवडाभर फक्त फिरा. हातात वही आणि मोबाइल. काही उचलायचे नाही. जिन्याखालची खोली, स्टाफरूमचे वरचे कपाट, जिमखान्याचे सामान ठेवतात ती अडगळ, प्रयोगशाळेतला पोटमाळा, परीक्षा विभागाच्या मागची खोली. प्रत्येक जागेचा फोटो घ्या आणि अंदाज लिहा: "लोखंडी कपाट, चार कप्पे, रजिस्टरे, खालच्या कप्प्याला ओल."

नंतर संस्थेबाहेर. निवृत्त मुख्य लिपिकांचे घर, माजी जी.एस.ची (विद्यार्थ्यांच्या सरचिटणिसाची) ट्रंक, महाद्वार रोड किंवा राजारामपुरीकडच्या ज्या जुन्या स्टुडिओवाल्याने वर्षानुवर्षे गॅदरिंगचे फोटो काढले त्याच्याकडचे निगेटिव्हचे डबे. स्टुडिओ बंद पडायच्या आधी जा. मुलगा धंदा बदलतो तेव्हा निगेटिव्ह सगळ्यात आधी बाहेर पडतात.

पुष्कळ जण इथेच अडकतात: आपल्या संस्थेचे कागद आपल्याकडेच असणार असे धरून चालतात. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चे. त्याआधी इथल्या कॉलेजांची संलग्नता १९४९ पासून पुणे विद्यापीठाशी आणि त्याहीआधी मुंबईशी होती. म्हणजे १९५५ च्या परीक्षेची मूळ नोंद सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठात शोधून उपयोग नाही. राजाराम कॉलेजसारखी संस्था १८८० पासूनची. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झाले, तोवर शिक्षणाचा पत्रव्यवहार दरबारचा होता, म्हणून त्या काळासाठी आधी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. उलट बाजूनेही हेच. २००४ मध्ये सोलापूरचे विद्यापीठ वेगळे झाले, म्हणून सोलापूरच्या कॉलेजांचे त्याआधीचे धागे कोल्हापुरात सापडतात.

काय ठेवायचे? सत्कारांचे फोटो सगळेच ठेवतात. माझे मत विचाराल तर वसतिगृहाच्या मेसची वही शंभर सत्कारांच्या फोटोंना भारी. ज्वारी काय भावाने घेतली, दूध कुणाकडून येत होते, कोणत्या महिन्यात किती पोरांनी खाडे टाकले, सुगीला किती जण गावी गेले, हे दुसरीकडे कुठेही मिळत नाही. तसेच ग्रंथालयाचे देवघेव रजिस्टर, सायक्लोस्टाइल केलेल्या (स्टेन्सिलवरून छापलेल्या) नोटिसा, विद्यार्थी निवडणुकीची हँडबिले, वेळापत्रके, सभांची इतिवृत्ते. छापील वार्षिकांक शेवटी बघा. त्यांच्या प्रती कुठे ना कुठे असतात.

तपासणी: ही यादी हातात असताना "एकूण किती खोकी लागतील" हे सांगता येते का? येत नसेल तर पाहणी झालेली नाही.

३. हलवणे: ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होते, आणि तेही हुशार माणसांकडून. कपाट उघडले की त्यांना विषयवार लावायची घाई होते: सगळी पत्रे इकडे, सगळे फोटो तिकडे, १९७० चे एकत्र. असे करू नका. एका फाईलीत पत्र, त्याला जोडलेला फोटो आणि हिशेबाचा चिटोरा एकत्र होते, म्हणूनच तो फोटो कसला ते कळत होते. वेगळे केलेत की तिन्ही मुके.

कप्पा हलवण्याआधी त्याचा समोरून फोटो घ्या. मग डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक गठ्ठा उचला. प्रत्येक गठ्ठ्यात कागदाची चिठ्ठी: कपाट २, कप्पा ३, गठ्ठा ७. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पेनची शाई पाण्याच्या थेंबाने पसरू शकते.

आपली जुनी दप्तरे रुमालांत बांधलेली असत. ती पद्धत अजूनही चांगली, फक्त कापड बघून घ्या. लाल खारव्याचा (जाड्याभरड्या कापडाचा) रंग ओल लागली की कागदावर उतरतो. कोरा मांजरपाट घ्या. इचलकरंजीचा माग जवळ आहे, महाग पडत नाही. पण आणला तसा वापरू नका. दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, कारण कसर त्या खळीवर जगते. सुट्या फाईलींना आम्लमुक्त खोके मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर साध्या खोक्याला आतून धुतलेल्या मांजरपाटाचे अस्तर द्या.

सावधान: दान म्हणून आलेले कागद संस्थेच्या कागदांत मिसळू नका. कुणी निवृत्त सरांनी पिशवीभर पत्रे दिली तर ती त्यांच्या नावाचा वेगळा रुमाल. घेताना पावती करा आणि त्यावर लिहून घ्या: कायमचे दिले की स्कॅन करून परत द्यायचे. "ठेवा हो तुमच्याकडे" या वाक्यावरून दहा वर्षांनी वारसांशी वाद होतात.

४. साफसफाई: कमी केलेली बरी

नवा आलेला प्रत्येक गठ्ठा दोन आठवडे वेगळ्या खोलीत. वाळवीची माती, कसरीची भोके, झुरळांची अंडी दिसली तर तो गठ्ठा इतरांजवळ न्यायचा नाही. डांबरगोळ्या टाकून निर्धास्त होऊ नका. त्या किडीला फार तर लांब ठेवतात, आणि बंद खोलीत काम करणाऱ्याच्या छातीत मात्र जातात. वेखंडाची पुरचुंडी घरोघर ठेवतात, तीही ठेवायची तर खोक्याच्या कोपऱ्यात, कागदाला चिकटवून नको.

मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे धूळ काढा. नाकाला मास्क हवाच. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. कागदाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून टाचणीची टोके सैल करा. रबर बँड काढा आणि सुती फीत बांधा.

तीन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. सेलोटेप लावायची नाही, कारण काही वर्षांत तिचा चिकटा तपकिरी होऊन अक्षरांत मुरतो. लॅमिनेशन करायचे नाही. झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटांत होते आणि जन्मभर सुटत नाही. फाटलेल्या पानाला डिंक लावायचा नाही. पान दुभंगले असेल तर दोन्ही तुकडे एका दुमडलेल्या कोऱ्या कागदात ठेवा आणि पुढे चला.

ओले झालेले कागद हा आपल्याकडचा खास विषय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. व्हीनस कॉर्नरच्या आसपास तळमजल्यात ज्यांनी दप्तर ठेवले होते त्यांना वेगळे सांगायला नको. कागद भिजला की बुरशीला साधारण ४८ तास पुरतात. त्या वेळेत काय करायचे ते असे:

थोडे कागद असतील तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये टिपकागद किंवा न छापलेला कोरा कागद घालून सुकवा आणि तो दर काही तासांनी बदला. उन्हात घालू नका, कागद आकसून वाकडा होतो आणि शाई उडते. वर्तमानपत्राचा कागद तर अजिबात नको, त्याची शाई उतरते. गठ्ठे जास्त असतील तर सुकवायच्या भानगडीत न पडता बटरपेपरमध्ये गुंडाळून शून्याखाली वीस अंशांच्या शीतगृहात ठेवा. गोठले की वेळ थांबते आणि मग महिनाभराने थोडे थोडे काढून सुकवता येतात. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो कोरडे होऊ देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूच सोडवा आणि दोरीला लटकवा. निगेटिव्हलाही हेच.

५. फेरिस्त: खरे काम इथे आहे

जुन्या दफ्तरदारांचा शब्द आहे, फेरिस्त. कोणत्या रुमालात काय आहे याची यादी. ही तयार झाली की निम्मे दप्तर वाचले समजा, कारण मग एखादे रजिस्टर गायब झाले तर निदान ते होते हे तरी कळते.

एक्सेल चालते. पण स्तंभ आधी ठरवा आणि मधे बदलू नका: नोंद क्रमांक, खोके किंवा रुमाल, शीर्षक, सुरुवातीचे वर्ष, शेवटचे वर्ष, पाने, भाषा आणि लिपी, अवस्था, कुणाकडून आले, खुले की बंद, शेरा. सुरुवातीला पान-पान नोंदवायला बसू नका. आधी सगळ्या दप्तराची फाईलवार यादी, मग जमेल तिथे खोलात. पहिल्याच फाईलीची चाळीस पत्रे बारकाईने नोंदवून दमलेली आणि दुसरी फाईल न उघडलेली मंडळे मी पाहिली आहेत.

शीर्षक कागदावर आहे तसेच लिहा. रजिस्टरवर "जमाखर्च बोर्डिंग" असे असेल तर "वसतिगृहाचे लेखे" असे सुधारू नका. तुमची भर चौकटी कंसात.

तारखांची गडबड नेहमीची. "१९६७" लिहिले की ते शैक्षणिक वर्ष १९६७-६८ की कॅलेंडरचे, हे नंतर कुणालाच कळत नाही. शैक्षणिक वर्ष असेल तर दोन्ही आकडे लिहा. संस्थानी काळातल्या कागदांवर शक किंवा फसली (महसुली) साल सापडते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना ७९. दख्खनी फसलीत ५९० मिळवायचे, आणि जानेवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ५९१. म्हणजे फसली १३२९ च्या मार्गशीर्षातला कागद १९१९ चा, पण फाल्गुनातला १९२० चा. मूळ साल एका स्तंभात, काढलेला सन दुसऱ्यात. मूळ साल पुसून फक्त इसवी सन लिहिलात आणि बेरीज चुकली तर परत जायला वाट नाही.

मोडी वाचता येत नसेल तर शेऱ्यात "मोडी, वाचन बाकी" लिहा आणि पुढे जा. अंदाजाने शीर्षक देऊ नका.

तपासणी: यादीतून कोणतेही पाच क्रमांक निवडा आणि यादी न केलेल्या माणसाला ते शोधून आणायला सांगा. दहा मिनिटांत पाचही आले तर यादी बरोबर. तीनच आले तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

६. फोटोतली नावे: माणसे आहेत तोवर

इथे मात्र घाई करा. बाकी सगळे थांबू शकते, ऐंशी-नव्वदी गाठलेले माजी विद्यार्थी आणि कर्मचारी थांबणार नाहीत.

फोटोची मोठी झेरॉक्स काढा. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती गोल काढा आणि आकडा घाला. खाली आकड्यांसमोर नावे. मूळ फोटोवर पेनाने बाण काढू नका. मागे लिहायचेच तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला, फक्त नोंद क्रमांक.

एकेकट्याला विचारा, नंतर दोघा-तिघांना एकत्र बसवा. एकदा कबड्डीच्या संघाचा फोटो घेऊन बसलो होतो. एक काका ठामपणे म्हणाले, "डावीकडून तिसरा मी." शेजारच्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आरं, त्यो तू न्हवंस. तुझा थोरला भाऊ. तू त्या साली नापास झालतास, संघात कुठला?" सगळे हसले, काकाही हसले, पण फोटोचे साल त्या एका वाक्याने पक्के झाले. म्हणून कोण काय म्हणाले हे नावासकट नोंदवा. दोन मते असतील तर दोन्ही लिहा.

बोलणे रेकॉर्ड करणार असाल तर आधी लेखी संमती घ्या आणि पंखा बंद करा. बाकी अवजारांपेक्षा पंख्याच्या घरघरीने जास्त मुलाखती वाया घालवल्या आहेत.

७. आता स्कॅनर

सगळे स्कॅन करायचे नसते. फेरिस्तीतून निवडा: जे मोडकळीला आले आहे, जे वारंवार मागितले जाते आणि ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

कागदाला ३०० ते ४०० डीपीआय (इंचामागे ठिपके), फोटोला ६००, पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हला ३००० च्या आसपास. रंगीत मोडमध्येच करा, कागद काळा-पांढरा दिसत असला तरी. शाईचे दोन रंग, शिक्क्याचा जांभळा, पेन्सिलीचा शेरा, हे करड्या स्कॅनमध्ये एक होऊन जातात. मूळ प्रत टिफमध्ये (न दाबलेल्या फाईलीत) ठेवा आणि वाटायला त्यावरून जेपेग किंवा पीडीएफ काढा. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ४०० डीपीआयला साधारण ४६ एमबी होते. वीस हजार पाने म्हणजे जवळपास एक टीबी. स्कॅनरच्या कोटेशनबरोबर डिस्कचेही कोटेशन का हवे, ते यावरून कळावे.

जाड बांधणीची रजिस्टरे सपाट स्कॅनरवर दाबू नका, कणा मोडतो. दोन्ही बाजूंना उश्या देऊन वही अर्धी उघडी ठेवा आणि वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. कोरी पानेही घ्या आणि मुखपृष्ठाची मागची बाजूही. पाने सलग आहेत हे कळण्यासाठी ती लागतात.

फायलीचे नाव म्हणजे नोंद क्रमांक आणि पान क्रमांक, उदाहरणार्थ ०३१२-००४. संगणकावर ते साध्या इंग्रजी आकड्यांत, मोकळी जागा न सोडता. "गॅदरिंग फायनल नवीन २" या नावाची फाईल पुढच्या वर्षी तुम्हालाही सापडणार नाही.

सावधान: व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे, ती दाबून लहान केलेली असते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपचे कागद 'उजळ' करणारे फिल्टर बंद करा. ते पिवळेपणा काढताना फिकट पेन्सिल सोबत घेऊन जातात.

छापील मराठी वार्षिकांकांवर संगणकाची अक्षरओळख चालते, शोधण्यापुरती चांगली चालते. हस्ताक्षर आणि मोडी माणसानेच वाचायची.

८. तीन प्रती

एक संस्थेत, एक दुसऱ्या प्रकारच्या साठ्यावर, एक गावाबाहेर. तिन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवणे म्हणजे एकच प्रत. तिसरी पुराच्या रेषेच्या वर असलेल्या ठिकाणी ठेवा, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क लावून दहा फायली उघडून बघा आणि तारीख वहीत टाका. सीडीवर ठेवलेले असेल तर आजच उतरवून घ्या.

९. लोकांसमोर ठेवणे

आधी ठरवा काय ठेवायचे नाही. गुणपत्रके, जातीची नोंद असलेले प्रवेश अर्ज, शिस्तभंगाच्या फाईली, फी माफीचे अर्ज, वैद्यकीय दाखले. "ऐतिहासिक आहे" म्हणून कुणाच्या आजोबांचा नापास झाल्याचा कागद टाकायचा अधिकार आपल्याला नाही. फेरिस्तीत त्यांची नोंद राहू द्या, कागद बंद ठेवा आणि किती वर्षांनी खुला होईल ते समितीत ठरवा.

हक्कांचे बघा. वार्षिकांकात विद्यार्थ्याने लिहिलेल्या कवितेचा हक्क सर्वसाधारणपणे त्या विद्यार्थ्याचा, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो राहतो. फोटोला प्रकाशनापासून ६० वर्षे. शक्य तिथे विचारा. प्रत्येक पानाखाली एक ओळ द्या: कुणाचा आक्षेप असल्यास कुणाला कळवायचे.

डीस्पेस किंवा ओमेका यांसारख्या मुक्त प्रणालींवर संग्रह मांडता येतो. ग्रंथालयाकडे आधीच डीस्पेस असेल तर नवीन वेबसाइट करायच्या नादी लागू नका. ज्याने ती बनवली तो विद्यार्थी पुण्याला नोकरीला गेला की ती वेबसाइट बंद पडते. चेहऱ्यावरून आडवा वॉटरमार्क टाकू नका. खाली संस्थेचे नाव आणि नोंद क्रमांक पुरे.

प्रदर्शनात मूळ कागद ठेवायचा मोह आवरा. चांगली रंगीत प्रत काढून लावा. मूळ ठेवायचाच झाला तर काचेखाली, खिडकीपासून लांब, पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचे माप) आत, आणि दर दिवशी वहीचे पान उलटा. उद्घाटनाच्या समईपासून तर दूरच. प्रत्येक वस्तूशेजारी एक रिकामी चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवा. "यात माझी आई आहे, मागे उभी" असे कुणीतरी लिहून जाते, आणि ती चिठ्ठी सहाव्या टप्प्याच्या वहीत लावायची असते.

मेच्या शेवटी खोलीचे कौलारू, खिडक्यांच्या फटी आणि पन्हळी बघून घ्या. आर्द्रतामापक चारशे-पाचशे रुपयांना मिळतो. काटा ६५ टक्क्यांच्या वर जाऊन दोन दिवस तिथेच राहिला तर खोकी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पंखा लावा आणि खालच्या कप्प्यातले रुमाल वर चढवा.